चुना टाकायच्या आधी

धानाची कापणी उरकली, चुरणंही बहुतेक गावांत आटोपलं. आता घर बांधायचे दिवस. होळीपर्यंत जोता, मृगाच्या आधी छत, असा आपल्याकडचा हिशेब. याच दिवसांत आम्हा समन्वयकांना बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. सिंदेवाहीकडची बैठक असो की कुरखेड्याकडची, हजेरी झाली, बचत गोळा झाली की मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच विचारते, "ताई, घरकुल लिंटलपर्यंत आलं अन् पैसे संपले. गटातून किती मिळन?"

आज त्याच प्रश्नावर बोलायचं आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा प्रश्न लिंटलपर्यंत भिंत आल्यावर विचारला तर उशीर झालेला असतो. तुमच्या डोक्यावर किती कर्ज बसणार हे त्याच्या चार महिने आधी ठरलेलं असतं. मिस्त्री जागेवर येऊन चुन्याची रेघ मारतो ना, त्या सकाळी. रेघ जितकी लांब तितकं कर्ज मोठं. आणि त्या सकाळी घरातली बाई बहुतेक वेळा चहा करत असते.

आधी हातात किती येतं ते बघू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली इंदिरा आवासच्या जागी आली. तेव्हा साध्या भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम, नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले. २०२४ मध्ये केंद्राने योजना २०२८-२९ पर्यंत वाढवली, पण हे दोन आकडे तेच ठेवले. २०१६ मध्ये सिमेंटची चुंगडी कितीला होती आणि मिस्त्री रोजी किती घेत होता, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त आठवत असेल. २०२५ मध्ये आपल्या राज्य सरकारने वरून ५० हजारांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावर सौर पॅनल बसवलं तर. याशिवाय रोजगार हमीतून आपल्याच घरावर केलेल्या कामाची मजुरी मिळते, साध्या भागात ९० दिवस आणि दुर्गम भागात ९५ दिवस. २०२५-२६ चा दर रोजी ३१२ रुपये होता. शौचालयाचे १२ हजार वेगळे येतात, पण ते आधी घेतले असतील तर पुन्हा मिळत नाहीत. त्यांचं काम शौचालयातच जातं, म्हणून भिंतीच्या हिशेबात ते धरू नका.

तर गडचिरोलीतल्या एका ताईचा हिशेब मांडू. १ लाख ३० हजार, त्यात ३५ हजार, त्यात ९५ दिवसांची मजुरी २९ हजार ६४०. झाले १ लाख ९४ हजार ६४०. चंद्रपूरच्या बायांनी आपल्या मंजुरी आदेशावर जो आकडा छापला आहे तोच धरावा, शेजारणीचा धरू नये. रमाई, शबरी, मोदी आवास अशा वेगवेगळ्या योजनांतून घरकुलं येतात. माडिया आणि कोलाम समाजाच्या बहिणींना पीएम-जनमनमधून घराला २ लाख रुपये आहेत. एकाच गल्लीत चार घरकुलं चार योजनांची असू शकतात.

आता घराचा आकार. सरकारने सांगितलेलं कमीत कमी घर २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. पंधरा फूट बाय अठरा फूट धरा, २७० होतात. हिशेब सोपा जावा म्हणून चौरस फुटाला हजार रुपये खर्च धरू. तुमच्या गावचा मिस्त्री काय सांगतो ते तुम्ही धरा. २७० फुटांचं घर २ लाख ७० हजारांत उभं राहील. हातात येणार १ लाख ९४ हजार ६४०. कमी पडले ७५ हजार ३६०. आता हेच घर मिस्त्रीने "बांधतच आहा तर मोठं बांधा" म्हणून वीस बाय पंचवीस आखलं. ५०० फूट, ५ लाख रुपये. कमी पडले ३ लाख ५ हजार ३६०. पहिलं कर्ज दोन वर्षांत फिटतं. दुसरं फेडता फेडता पोरीचं शिक्षण थांबतं.

मोठं घर बांधणाऱ्याला आम्ही नावं ठेवत नाही. आपल्याला घरात धानाची पोती ठेवावी लागतात. पोरगा लग्नाचा झाला. पाहुणे आले की बायांना सपरीत झोपावं लागतं. स्वयंपाकाची खोली वेगळी असावी, धुराने भिंती काळ्या होऊ नयेत, असं बाईलाच सगळ्यात जास्त वाटतं. ही हौस नाही, गरज आहे. पण गरज एकाच उन्हाळ्यात भागवायची की दोन टप्प्यांत, एवढं ठरवता येतं. ज्या बाजूला पुढे खोली काढायची आहे त्या भिंतीत आताच दाराची जागा सोडून ठेवता येते, कोपऱ्यातल्या पिलरच्या सळाखी थोड्या बाहेर ठेवता येतात. त्या सळाखींना सिमेंटचं पाणी लावून झाकून ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंजतात. जुन्या घराचे कवेलू, फाटे, दारं मोडीत काढू नका. त्याची सपरी होते, धान ठेवायला कोठार होतं.

छताचंही तसंच. छत पक्कं हवं हे खरं, पण ते स्लॅबचंच हवं अशी योजनेची अट नाही. पंचायत समितीत ग्रामीण गृहनिर्माण अभियंता बसतात, त्यांना विचारून घ्या कोणतं छत चालेल. स्लॅबला सेंट्रिंग, लोहा, गिट्टी, एका दिवसात वीस माणसं, सगळा खर्च एकदम पडतो आणि नेमकं तिथेच कर्ज काढावं लागतं. पत्र्याखाली चंद्रपूरच्या मे महिन्यात काय होतं ते आम्हाला माहीत आहे, तुम्ही सांगायची गरज नाही. पण उघड्या स्लॅबखालीही रात्रभर झोप लागत नाही, हेही खरं.

सागवानाच्या चौकटीची गोष्ट मात्र हसण्यासारखी आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं. आणि आपल्याच घरकुलाला आपण लोखंडी चौकट लावतो, कारण ती स्वस्त पडते. लावा, काही बिघडत नाही. दारासाठी कर्ज वाढवू नका.

आता ते ७५ हजार कुठून आणायचे ते बघू, कारण छोटं घर बांधलं तरी एवढे कमी पडणारच. घरचे किती निघतात ते आधी. धान विकल्याचे, मागच्या तेंदूच्या बोनसचे, एखादी बकरी. समजा १५ हजार निघाले. राहिले ६० हजार. हे ६० हजार चार ठिकाणांहून मिळतात आणि चारही ठिकाणांचा भाव वेगळा आहे.

सावकार. पाच रुपये शेकडा म्हणजे महिन्याला ३ हजार. दोन वर्षांत ७२ हजार व्याज गेलं आणि मुद्दल ६० हजार जिथल्या तिथे. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना असल्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि परवानाधारकालाही सरकारने व्याजाची मर्यादा घातली आहे. शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्के. वर्षाला, मैत्रिणींनो. पाच रुपये शेकडा म्हणजे वर्षाचे ६० टक्के होतात. सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि सावकारीतून बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. आदिवासी बहिणीची जमीन तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावे होऊच शकत नाही. वनहक्काचा पट्टा विकता येत नाही, कुणाला देताही येत नाही. तो वारसालाच जातो. म्हणून "पट्टा ठेवून पैसे घे" असं कुणी म्हणालं की तो तुम्हाला फसवतो आहे असं समजा.

सावकाराचा एक धाकटा भाऊ आहे, त्याला आपण सावकार म्हणत नाही. तो म्हणजे उधारीवर माल देणारा दुकानदार. तो व्याज मागत नाही, पण चुंगडीमागे भाव वाढवून लावतो आणि धान निघालं की आपल्याच भावाने मोजून नेतो. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव, दोन्ही एकाच दिवशी विचारा. मधला फरक म्हणजे व्याज. आणखी एक जण येतो, "मी सगळं घरकुल ठेक्यानं बांधून देतो, पासबुक माझ्याजवळ ठेवा" म्हणणारा. योजनेत ठेकेदार लावायला मनाई आहे. घर लाभार्थ्यानेच बांधायचं. पासबुक, एटीएम, अंगठा, तिन्ही आपल्याजवळ.

आठवड्याच्या हप्त्याची खाजगी कंपनी. इथे थोडं थांबून बोलू, कारण आता गावोगाव हेच कर्ज सगळ्यात लवकर मिळतं. दोन दिवसांत पैसे खात्यात. ६० हजार, वर्षाला २४ टक्के, दोन वर्षं असं धरलं तर आठवड्याला साडेसातशेच्या आसपास हप्ता येतो आणि एकूण व्याज १६ हजारांच्या जवळपास. सावकाराच्या मानाने हे खूपच कमी. मग अडतं कुठे? अडतं ते आठवड्यात. आपल्या घरात पैसा आठवड्याला येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदू फळीवरचे पैसे, रोवणीची मजुरी, मग ऑगस्ट ते ऑक्टोबर कोरडे, आणि डिसेंबर-जानेवारीत धानाचे. कोरड्या महिन्यांत साडेसातशे आणायला बाई दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढते, दुसरीच्या हप्त्याला तिसरीचं. नागभीडकडच्या एका बैठकीत एका ताईने बोटं मोडून दाखवली, सोमवारी एक, बुधवारी एक, शुक्रवारी एक. घर बांधून झालं होतं, पण त्या घरात ती दिवसा थांबत नव्हती. हप्ता मागायला येणाऱ्याला सापडू नये म्हणून शेतावर जाऊन बसायची. आणि तिच्या गटातल्या चार बायांना तिचा हप्ता भरावा लागला. त्या चौघी तिच्याशी अजून नीट बोलत नाहीत. तिचं घर झालं, मैत्रिणी गेल्या.

हे कर्ज घेतलंच असेल तर आपले हक्क माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. अशा छोट्या कर्जाला काही तारण घेता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि हे कर्ज देणाऱ्याने आधी तपासायचं असतं. व्याज आणि सगळे खर्च लिहिलेलं माहितीपत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत मिळालं पाहिजे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, काहीच चालत नाही. त्या नऊ-सहाच्या वेळेत आपण धुऱ्यावर असतो ही गोष्ट वेगळी.

तिसरं ठिकाण आपला गट. बहुतेक गटांत दोन रुपये शेकडा व्याज आहे. इथे एक गोष्ट वहीत बघा, व्याज उरलेल्या मुद्दलावर लावता की पहिल्या रकमेवर? ६० हजार घेऊन महिन्याला ५ हजार मुद्दल फेडलं, तर उरलेल्या मुद्दलावर वर्षाचं व्याज ७ हजार ८०० होतं. पहिल्याच रकमेवर लावत राहिलात तर १४ हजार ४००. दोन्हींना आपण "दोन रुपये"च म्हणतो. ज्या गटांनी अजून बदललं नसेल त्यांनी येत्या बैठकीत ठराव घ्यावा.

पण महिन्याला ५ हजार कोण भरू शकणार? म्हणून आम्ही घराच्या कर्जाला हंगामाचा हप्ता सुचवतो. महिन्याला फक्त व्याज, आणि मुद्दल वर्षातून दोनदाच, तेंदूनंतर जूनमध्ये १५ हजार आणि धानानंतर डिसेंबरमध्ये १५ हजार. जानेवारीत घेतलेले ६० हजार असे दोन वर्षांत फिटतात. एकूण व्याज १८ हजार होतं. कंपनीपेक्षा दोन हजार जास्त, हे लपवत नाही. पण कोरड्या महिन्यांत दुसरं कर्ज काढावं लागत नाही, आणि हे १८ हजार आपल्याच गटाच्या पेटीत पडतात, वर्षाच्या शेवटी त्यात तुमचाही वाटा असतो. सगळ्याच बायांचं तेंदू आणि धान सारखं नसतं. ज्या गावात ग्रामसभा स्वतः तेंदू विकते तिथे बोनस उशिरा येतो, तिथे महिना पुढे ढकला. जी ताई रोजमजुरीवर आहे, शेत नाही, तिला महिन्याचा लहान हप्ताच बरा. गटाच्या अध्यक्षांनी सगळ्यांना एकच फूटपट्टी लावू नये.

चौथं, बँकेचं गटकर्ज. उमेदमधल्या गटांना ३ लाखांपर्यंत ७ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. आपल्या त्याच ६० हजारांवर, त्याच हंगामी हप्त्यांनी, दोन वर्षांचं व्याज होतं ५ हजार २५०. चारही ठिकाणांत हे सगळ्यात स्वस्त. कित्येक बायांना वाटतं हे कर्ज शेळ्या, शिलाई, दुकान यासाठीच असतं, घराला घेतलं तर गुन्हा होईल. तसं नाही. घर बांधणं, दुरुस्ती, शौचालय, महागडं जुनं कर्ज फेडणं, हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलेलं आहे. एवढं मात्र आहे की २ लाखांच्या वरच्या कर्जातला निम्मा तरी पैसा कमाईच्या कामाला लागावा, असं तिथेच सांगितलं आहे. म्हणून सगळ्या बारा जणींनी एकाच वर्षी घर काढू नये. या वर्षी दोघी-तिघी, पुढच्या वर्षी दोघी-तिघी. हा क्रम ठरवताना भांडणं होतात. होऊ द्या. बैठकीत झालेलं भांडण वहीत लिहिलं जातं, चुलीजवळ झालेलं मनात राहतं. बँकेचं कर्ज दोन दिवसांत मिळत नाही, महिना-दोन महिने जातात. म्हणूनच ते जोत्याच्या आधी मागायचं. लिंटलवर पैसे संपलेल्या बाईला दोन महिने थांबता येत नाही. मिस्त्री दुसऱ्या गावाला निघून जातो, १० जूनला रेतीघाट बंद होतात. मग ती कंपनीच्या किंवा सावकाराच्या दारात जाते, आणि तिला कुणी मूर्ख म्हणू नये, तिच्यापुढे दुसरं दार उघडंच नसतं.

घरकुलाच्या लाभार्थ्याला बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज घेता येईल अशी तरतूद खुद्द योजनेतही आहे. बँक कागद मागते. गावठाणात ड्रोनने मोजणी होऊन ज्यांना स्वामित्व योजनेची सनद मिळाली आहे त्यांनी ती बरोबर न्यावी.

ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. त्यात आधी ५० हजार मिळत, आता १ लाखापर्यंत मिळतात. पण जागेची किंमत वेगळी आणि जागा नावावर करण्याचा खर्च वेगळा. मोजणी, मुद्रांक, नोंदणी, लिहिणावळ, जाण्यायेण्याचं भाडं. जागा ठरवताना हा खर्च किमतीच्या शेजारी लिहा, विसार देण्याच्या आधी. नाहीतर पायवा खोदण्याआधीच पहिलं कर्ज सुरू होतं.

रेतीचं सांगायचं राहिलं. नव्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत रेती मोफत आहे. तहसीलमधून पास मिळतो, वाहतूक आपली. ट्रॅक्टरवाला एका खेपेचे किती मागतो ते तीन जणींनी मिळून ठरवलं तर कमी पडतं.

शेवटी एक अवघड गोष्ट, आणि ती आम्ही प्रत्येक बैठकीत बोलतो, पुरुष मंडळी ऐकत असली तरी. कर्ज कुणाच्या नावावर? गटाचं, बँकेचं, कंपनीचं, तिन्ही बाईच्या नावावर. हप्ता चुकला तर दारात बाईलाच बोलावतात. मग घर कुणाच्या नावावर? योजनेचा नियमच आहे की घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर व्हावं. त्याच्याही आधी, २००३ पासून, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये पती-पत्नी दोघांची नावं लावण्याचा शासनाचा निर्णय आहे. "घर दोघांचे" म्हणून तो ओळखला जातो. अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा. भाऊजी नाही म्हणतीलच असं नाही, कित्येकांना हे माहीतच नसतं. कर्जाच्या कागदावर सही करण्याच्या आधी नमुना आठचा उतारा काढून स्वतःचं नाव वाचून घ्या. वाचता येत नसेल तर सीआरपी ताई वाचून देतील.

आणि चुन्याच्या रेघेच्या दिवशी जागेवर हजर राहा. मिस्त्री फूट सांगेल, ते मोठ्याने बोलायला लावा, लांबी किती, रुंदी किती. गुणाकार पोरांना करायला सांगा.

ज्या बहिणींना या वर्षी मंजुरी मिळाली आहे त्यांनी पुढच्या बैठकीला तीन कागद आणावेत, मंजुरी आदेश, मिस्त्रीने लिहून दिलेला अंदाज आणि घरात चालू असलेल्या सगळ्या कर्जांची पुस्तकं, नवऱ्याच्या नावावरचीही. बँकेच्या शाखेत गटांचे अर्ज देण्याचा दिवस प्रभागसंघातून कळवला जाईल. पुढच्या वेळी आमच्या सहकारी ताई मोहफुलाच्या साठवणीबद्दल बोलणार आहेत.